अपघातानंतर भरपाई: कोणते दार, किती मुदत, कोणते कागद

१३ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरमधल्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले. महापालिकेच्या नियमात ४० बाय ४० फुटांची मर्यादा होती. हे होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे होते. १७ माणसे गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. तेव्हापासून उपनगरात कुठेही मोठी दुर्घटना घडली की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘सरकारने पैसे दिले, म्हणजे आता आणखी काही मागता येणार नाही ना?’

मागता येते. सरकार जाहीर करते ती सानुग्रह मदत. ती दिली तर उपकार, नाही दिली तर तुम्ही कोर्टात जाऊन वसूल करू शकत नाही. भरपाई वेगळी. ज्याच्या चुकीमुळे किंवा ज्याच्या कामामुळे इजा झाली त्याच्याकडून ती कायद्याने वसूल करता येते. मदतीचा चेक घेतल्याने हा हक्क संपत नाही. तो संपतो दोन कारणांनी: ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेल्या कागदावर न वाचता सही केल्याने, किंवा मुदत उलटून गेल्याने. दुसरे कारण कितीतरी अधिक घरांना नडते.

गोंधळाचे मूळ असे की आपल्याकडे ‘अपघात’ या नावाचा एकच कायदा नाही. लोकलमधून पडलात तर एक न्यायाधिकरण, रिक्षाने उडवले तर दुसरे, कारखान्यात बोट तुटले तर तिसरे, खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया बिघडली तर ग्राहक आयोग. प्रत्येकाची मुदत निराळी. पण कागदांची सुरुवात सगळीकडे एकाच ठिकाणी होते, म्हणून आधी तेच पाहू.

केसपेपरची पहिली ओळ

राजावाडी, कूपर, कांदिवलीचे शताब्दी किंवा मुलुंडचे अगरवाल रुग्णालय घ्या. जखमीला स्ट्रेचरवर आणले जाते, डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ सोबतचा भेदरलेला नातेवाईक म्हणतो, ‘पडला.’ केसपेपरवर नोंद होते, ‘हिस्टरी ऑफ फॉल’. कुठून पडला, कसा पडला, काही नाही. वर्षभराने विमा कंपनीचा किंवा रेल्वेचा वकील हाच कागद पुढे करून विचारतो, ‘हे तर घरात पडले होते, नाही का?’

काही जण तर ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून स्वतःहूनच ‘घरात पडले’ असे सांगतात. असे करू नका. खोटे लिहून घेऊ नका आणि अर्धवटही लिहून घेऊ नका. ‘आज सकाळी नऊच्या सुमारास बोरिवली स्टेशनात गाडीत चढताना पडले’, ‘अंधेरी पूर्वेला मोटारसायकलने धडक दिली’, ‘कामावर प्रेस मशीनमध्ये हात गेला’, एवढे एक वाक्य डॉक्टरांना सांगा आणि त्यांनी काय लिहिले ते पाहा.

मोठ्या रुग्णालयांत पोलीस अंमलदार बसलेला असतो. तो ईपीआर, म्हणजे पोलिसांची तातडीची नोंद, करतो आणि केस ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) होते. हा त्रास नव्हे, तुमचा पहिला पुरावा आहे. आणि पोलिसांचे कागद तयार नाहीत म्हणून कोणतेही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, तातडीचे उपचार थांबवू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच सांगितले आहे.

पहिल्या आठवड्यात जमवायचे कागद:

- केसपेपर, ईपीआर किंवा एमएलसीचा क्रमांक, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे)
- एफआयआरची प्रत; ती फिर्यादीला मोफत मिळते. हद्दीचा वाद निघाला तर कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो
- घटनास्थळाचे फोटो, मागे दुकानाची पाटी किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक दिसेल असे
- दोन साक्षीदारांची नावे आणि मोबाइल क्रमांक
- औषधांपासून रिक्षाभाड्यापर्यंत सगळ्या पावत्या. मूळ बिले मेडिक्लेमसाठी द्यावी लागली तर आधी रुग्णालयाकडून साक्षांकित प्रती घ्या
- सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती करणारा लेखी अर्ज आणि त्याची पोच. हे चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसले जाते, त्यामुळे हा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायचा

मृत्यू झाला असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागून घ्या. मृताच्या खिशात काय सापडले, तिकीट किंवा पास होता का, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे.

लोकलमधून पडल्यास

उपनगरवासीयांना सर्वांत अधिक लागणारा आणि सर्वांत कमी माहीत असलेला हा कायदा, म्हणून यावर जरा थांबू. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गर्दीच्या गाड्यांतले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि काहींचा जीव गेला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. एकेकटे पडणाऱ्यांची बातमीही होत नाही.

रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. ‘दारात उभा होता, त्याचाच निष्काळजीपणा’ हा रेल्वेचा आवडता बचाव. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१० मध्ये जमीला खटल्यात फेटाळला: उघड्या दारात उभे राहणे निष्काळजीपणा असू शकतो, पण तो गुन्हा नव्हे, आणि त्यामुळे भरपाई बुडत नाही. विरारहून आलेल्या गाडीत बोरिवलीला सकाळी आठला चढणाऱ्याने दारात नाही तर कुठे उभे राहायचे, हे तो बचाव लिहिणाऱ्याने एकदा करून दाखवावे.

रीना देवी खटल्यात (२०१८) आणखी तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. गाडीत चढताना किंवा उतरताना पडणे म्हणजे ‘स्वतः ओढवून घेतलेली इजा’ नव्हे. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. प्रवास कुठून कुठे, कशासाठी हे प्रतिज्ञापत्रावर सांगितले की ते खोटे ठरवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. पण नुसता रुळांवर मृतदेह सापडला म्हणून तो आपोआप प्रवासी ठरत नाही.

भरपाई मिळत नाही ती या प्रसंगी: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक आजार. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली तर तो या कलमात बसत नाहीच. उलट रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणे हा कलम १४७ खाली गुन्हा आहे. म्हणून कागदांवर ‘गाडीतून पडून’ आहे की ‘रूळ ओलांडताना’, हे शब्द पहिल्याच दिवशी तपासा. मुंबईत रूळ ओलांडून इतके लोक दगावतात की नोंद करणाऱ्याच्या हातून सवयीनेही तेच शब्द लिहिले जाऊ शकतात.

दाराशी उभ्या असलेल्याच्या हातावर ‘फटका गँग’ने काठी मारून मोबाइल पाडला आणि त्यात तो पडला, तर? गाडीतला किंवा फलाटावरचा हिंसक हल्ला आणि लूट हेही ‘अनुचित घटना’ या व्याख्येत येतात. प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन कुणाला सोडायला आलेला माणूसही या कलमासाठी प्रवासीच.

रक्कम ठरलेली आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख रुपये. दोन्ही हात गमावल्यासही ८ लाख. बाकीच्या इजांचे दर नियमांच्या अनुसूचीत अवयवानुसार दिले आहेत. या रकमेचा पगाराशी संबंध नाही: बँक अधिकाऱ्याला तेवढीच, भाजीवालीलाही तेवढीच.

काय करायचे:

1. अंधेरी, बोरिवली, कुर्ला अशा ज्या लोहमार्ग पोलीस ठाण्याची हद्द असेल तिथे नोंद झाल्याची खात्री करा. तातडीच्या मदतीसाठी लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२, रेल्वेचा १३९.
2. स्टेशन मास्तरांच्या मेमोची प्रत मागा. अपघाताची वेळ आणि जागा सांगणारा हा रेल्वेचा स्वतःचा कागद असतो, त्यामुळे तो नाकारणे रेल्वेलाच जड जाते.
3. सीझन पास, ओळखपत्र, मोबाइलवरच्या तिकिटाचा तपशील जपा. फोन हरवला असला तरी त्याच क्रमांकाचे नवे सिम घेऊन खात्यातली जुनी तिकिटे पाहता येतात का ते बघा.
4. रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात एक वर्षाच्या आत अर्ज करा. अपघात दुसऱ्या राज्यात झाला असला तरी तुम्ही मुंबईत राहत असाल तर अर्ज इथे चालतो.

वर्ष उलटले असेल तर उशिराचे सबळ कारण देऊन माफी मागता येते. पण कर्ता माणूस गेलेल्या घराला पहिले सहा महिने कशाचेच भान नसते, हे ध्यानात घेतले तर एक वर्ष फार तोकडे आहे, असे आमचे मत.

मेट्रोचा प्रवास मात्र या न्यायाधिकरणाकडे येत नाही. वर्सोवा–घाटकोपरसह सगळ्या मेट्रोंना २००२ चा स्वतंत्र कायदा लागू होतो आणि त्यात दावा आयुक्ताची वेगळी तरतूद आहे.

रस्त्यावर वाहनाची धडक

इथले दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे. रिक्षातला प्रवासी, पादचारी, स्कूटरवर मागे बसलेली मुलगी, डिलिव्हरी करणारा तरुण, सगळ्यांना ते खुले आहे. भरपाई बहुतेक वेळा धडक देणाऱ्याची विमा कंपनी देते. ओळखीच्या माणसाच्या गाडीने अपघात झाला म्हणून ‘त्याला कशाला त्रास’ असा संकोच करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: वाहनाचा विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळल्या असतील तर त्याच्या खिशातून सहसा काही जात नाही.

सर्वांत मोठी चूक मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. आधी अशी मुदतच नव्हती, त्यामुळे ‘कधीही करता येतो’ असे सांगणारे जुने जाणकार अजून भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तिथे काय होईल त्याच्या भरवशावर तुम्ही राहू नका.

मोटार वाहन कायद्यात दावा करण्याचे तीन मार्ग आहेत:

- कलम १६४: कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख. लवकर सुटते, पण इथे घेतले की पुढचा मार्ग बंद.
- कलम १६६: चालकाची चूक दाखवून संपूर्ण नुकसान मागायचे. कमावता माणूस गेला असेल किंवा कायमचे अपंगत्व आले असेल तर आमच्या मते हाच मार्ग धरावा.
- वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही तर: सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख, गंभीर इजेसाठी ५० हजार. याचा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे जातो, न्यायाधिकरणाकडे नाही.

कलम १६६ खाली काय काय मागायचे, तेही लोकांना ठाऊक नसते. झालेला खर्च तर आहेच; शिवाय पुढच्या शस्त्रक्रिया, बुडालेला पगार, सेवेला ठेवलेल्या माणसाचा पगार, वेदना आणि कमाईची घटलेली ताकद. ही शेवटची बाब समजून घ्या. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचे ४० टक्के अपंगत्व लिहिले असेल, तर टेबलाशी बसून काम करणाऱ्या कारकुनाची कमाई कदाचित फारशी घटणार नाही. पण दिवसभर बाइकवर फिरणाऱ्याची जवळजवळ सगळी जाऊ शकते. राजकुमार खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शरीराचे टक्के नव्हे, कामावर झालेला परिणाम मोजायचा. म्हणून तुम्ही नेमके काय काम करत होता, याचा पुरावा आणा. पगाराची पावती नसेल तर बँकेचे पासबुक, ॲपवरची कमाई, मालकाचे पत्र चालते.

गृहिणी ‘काही कमवत नव्हती’ असे अर्जात लिहू नका. तिच्या घरकामाचे मोल धरूनच भरपाई काढावी, असे न्यायालये सांगत आली आहेत. आणि मेडिक्लेममधून बिल भागले असले तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट केले.

उपचारांच्या पैशांसाठी थांबू नका. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोखीशिवाय मिळतात. आणि कुणाला रस्त्यावरून उचलून रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी अडकवून ठेवू शकत नाहीत. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. तेव्हा गर्दीत मोबाइल काढून उभे राहण्यापेक्षा उचला.

खड्डा, उघडे गटार, पडलेले झाड

२५ सप्टेंबर २०२४ च्या मुसळधार पावसात अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ एक महिला उघड्या गटारात पडून वाहून गेली. अशा वेळी पहिला खेळ सुरू होतो तो ‘रस्ता आमचा नाही’चा. महापालिका मेट्रोकडे बोट दाखवते, मेट्रो कंत्राटदाराकडे. तुम्ही या वादात पडू नका; सगळ्यांना प्रतिवादी करा. माहितीसाठी सांगतो, पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी रक्कम ठरवून दिली: मृत्यूसाठी ६ लाख, इजेच्या गंभीरपणानुसार ५० हजार ते अडीच लाख. ती ठरवण्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. अर्ज तिच्याकडे करायचा. सोबत खड्ड्याचा त्याच दिवशी काढलेला फोटो, कारण तुम्ही रुग्णालयात असेपर्यंत तो बुजवलेला असेल. एरवी महिनोन्‌महिने न बुजणारे खड्डे अपघातानंतर एका रात्रीत बुजतात, हा उपनगरातला सार्वत्रिक अनुभव आहे.

याहून मोठ्या रकमेसाठी महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा असेल तर एक सापळा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ५२७ नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. वॉर्ड ऑफिसात दिलेली साधी तक्रार म्हणजे ही नोटीस नव्हे.

कामावर इजा झाली तर

मरोळ एमआयडीसीतले कारखाने, मुलुंड–भांडुपमधले वर्कशॉप आणि जिकडेतिकडे चाललेली पुनर्विकासाची बांधकामे, इथे अपघात झाला की मालक पहिल्या दिवशी फार प्रेमाने वागतो. खासगी दवाखान्यात नेतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, ‘पोलिसांत जाऊ नकोस, तुला कामावरून काढणार नाही.’ त्याच दिवशी एखाद्या कोऱ्या कागदावर अंगठाही घेतला जातो.

आधी पाहा, तुमच्या पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापले जाते का. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू होते. कापले जात असेल तर उपचार आणि भरपाई ईएसआयसीकडून: कामावर न जाता येण्याच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के, कायम अपंगत्वात किंवा मृत्यूत नियमित पेन्शन. मग मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. अंधेरी, कांदिवली आणि मुलुंडला कामगार रुग्णालये आहेत. मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला का, हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा.

ईएसआयसी नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. हे हक्क १९२३ च्या कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. हिशेबाची रीत तीच: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. तीस वर्षांचा कामगार गेला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे साडेपंधरा लाखांहून अधिक. मालकाने टेकवलेले पन्नास हजार या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

- तुम्ही कंत्राटदाराचे माणूस असलात तरी ज्याच्या जागेवर काम चालू होते तो मुख्य मालकही जबाबदार.
- हजेरीवर नाव नसेल तर सहकाऱ्यांची साक्ष, साइटचे गेट पास, मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश उपयोगी पडतात.
- घरातून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नव्या संहितेत कामावरचाच अपघात धरला जातो.
- मुदत दोन वर्षांची. मुंबईत असे दावे कामगार न्यायालय ऐकत आले आहे.

एकाच अपघाताची भरपाई दोन कायद्यांखाली दोनदा मिळत नाही. कंपनीचा ड्रायव्हर ट्रकच्या धडकेत जखमी झाला तर त्याने मोटार न्यायाधिकरण की मालक, हे निवडायचे असते. कुठे रक्कम जास्त मिळेल हे आधी हिशेब करून ठरवा, कारण नंतर दार बदलता येत नाही.

रुग्णालयात चूक झाली असे वाटते तेव्हा

वाईट परिणाम म्हणजे हलगर्जी नव्हे, हे आधी मनाशी पक्के करा. शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही एवढ्यावर केस उभी राहत नाही. चुकीच्या बाजूवर शस्त्रक्रिया, पोटात राहिलेला कापसाचा बोळा, ॲलर्जी लिहून दिलेली असताना तेच औषध, संमतीपत्राशिवाय केलेली प्रक्रिया, अशा गोष्टींवर उभी राहते. तोडफोड कराल तर डॉक्टर फिर्यादी आणि तुम्ही आरोपी व्हाल. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात हा अजामीनपात्र गुन्हा आहे.

पहिले पाऊल: कागद. रुग्णाने किंवा नातेवाइकाने लेखी मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नुसते डिस्चार्ज कार्ड नव्हे. नर्सिंग नोट्स, भूलतज्ज्ञाची नोंद, संमतीपत्र, औषधांचा तक्ता सगळे मागा. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

दुसरे: त्याच शाखेच्या दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत. हे मिळणे कठीण जाते, कारण एकाच भागातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतात. दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांना विचारा.

तिसरे: जिल्हा ग्राहक आयोग. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला चेतना महाविद्यालयाजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथे; ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षे. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते आणि वकील असलाच पाहिजे असे नाही, तरी वैद्यकीय प्रकरणात तो असावा असे आम्ही सुचवू. सल्ल्यासाठी १९१५.

महापालिकेच्या रुग्णालयाविरुद्ध मात्र हे दार सहसा उघडत नाही. सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात येत नाही आणि केसपेपरचे नाममात्र पैसे भरल्याने त्यात फरक पडत नाही, असे १९९५ च्या शांता खटल्यात ठरले. तिथे अधिष्ठात्यांकडे तक्रार आणि मग वर सांगितलेली नोटीस देऊन दिवाणी दावा. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, पैसे मिळवून देत नाही.

सिलिंडरचा स्फोट

चाळीत किंवा सोसायटीत सिलिंडरचा भडका उडाला तर तेल कंपन्यांनी सर्व ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, हप्ता तुम्ही भरायचा नसतो. मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी कमाल २ लाख, नोंदणीकृत पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी कमाल २ लाख. ताबडतोब वितरकाला लेखी कळवा; पुढे कंपनीला आणि विमा कंपनीला कळवणे त्याचे काम. जोडणी दुसऱ्याच्या नावावर, पत्ता जुनाच, नळी रस्त्यावरून घेतलेली, यांवर दावे अडतात. नळीवर आयएसआयची खूण आणि वापराची मुदत आहे का ते आजच पाहून घ्या. गळतीसाठी १९०६.

गीझर, कुकर, ई-बाइकची बॅटरी अशा वस्तूंमुळे इजा झाली तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाची आणि विक्रेत्याची स्वतंत्र जबाबदारी आहे. फुटलेली वस्तू भंगारात टाकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. पुरावा तीच असते.

वकील, एजंट आणि टक्केवारी

रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी घरी एखादा ‘क्लेमवाला’ येतो. त्याला पत्ता कुठून मिळाला हे विचारू नका, तो सांगणार नाही. ‘आधी एक पैसा नको, आल्यावर तीस टक्के’, असा त्याचा भाव. भरपाईत वाटा घेऊन खटला लढणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी ठरवा, आकड्यात ठरवा, पावती घ्या. कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका; बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड, सही केलेले चेक कुणाच्या हाती देऊ नका. पैसे थेट तुमच्याच खात्यात आले पाहिजेत.

लोकअदालतीत तडजोड सुचवली जाते. पैसे लवकर मिळतात म्हणून ती वाईट नाही, पण एकदा झालेल्या तडजोडीवर अपील नसते. आकडा घरी जाऊन विचार करण्याइतका वेळ मागून घ्या.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून दावा सोडू नका. सर्व महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि मोठ्या आपत्तीतले पीडित यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास. नवरा गमावलेली मुलुंडची गृहिणी पगारदार असो वा नसो, तिला हा हक्क आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी गेल्या काही महिन्यांत असा अपघात झाला असेल तर एफआयआरवरची तारीख पाहा आणि सहा महिने कधी भरतात ते मोजा. थोडेच दिवस उरले असतील तर कागद पूर्ण होण्याची वाट न पाहता विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करा. अर्ज मुदतीत पडला की उरलेले कागद नंतर जोडता येतात.